घेणाऱ्याच्या मापाची गोधडी

बाळंतविड्याच्या यादीत दुपट्याला कधी पहिला मान मिळत नाही. आधी बाळलेणी, मग खणाची कुंची, झबली-टोपडी, आणि या सगळ्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेली दोन-चार दुपटी. बारशाला आलेल्या बायका कुंची उचलून बघतात, वाळे-मनगट्या निरखतात. दुपट्याला हात घालतात त्या जाणत्या आज्या, आणि त्या ते गालाला लावून बघतात. कापड मऊ आहे का, आत गाठ राहिली आहे का, कडेचा गोट टोचतो का, हे गालाला जितकं नेमकं कळतं तितकं बोटांना कळत नाही. बाराव्या दिवशी पाळण्यात घातलेलं मूल कुंचीत असतं घटकाभर, दुपट्यात मात्र दिवसरात्र, हे त्या आज्यांना पक्कं ठाऊक असतं.

या पुस्तकाचा विषय त्या आज्यांच्या नजरेशी जोडलेला आहे. हातानं शिवलेली गोधडी, दुपटं, किंवा जेवणाच्या टेबलावर घालायची लांब पट्टी, जिला आता सगळे रनर म्हणतात, या वस्तू भेट म्हणून कशा कराव्यात, हे पुढच्या पानांत कृतीसकट आलेलं आहे. अलीकडे शहरांत क्विल्टिंगचे वर्ग निघाले, परदेशी पद्धतीच्या कातरपट्ट्या आणि गोल पात्याचे कटर मिळू लागले, आणि त्यामुळे ही कला बाहेरून आली असं पुष्कळांना वाटतं. नवी साधनं बाहेरून आली हे खरं आहे, त्यांचा उपयोगही होतो. पण शिवलेलं पांघरूण माणसाला देण्याची रीत मराठी घरांत फार जुनी आहे, आणि तिच्यात एक शहाणपण मुरलेलं आहे. स्वतःच्या हौसेसाठी शिवताना रंग, नक्षी, आकार सगळं आपल्या मनाचं असतं. दुसऱ्याला द्यायचं ठरलं की ते कोणाच्या अंगावर पडणार, कुठे वाळणार, कोण धुणार, इथून विचार सुरू करावा लागतो. प्रस्तुत लेखनाचा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे.

महाराष्ट्रात या पांघरुणाला ठिकठिकाणी वेगळी नावं आहेत. गोधडी सगळीकडे चालते, कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ, चार पदरांची ती चौघडी, आणि आत कापूस भरला की दुलई. गोधडीत कापूस भरत नाहीत. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्यानं एकजीव केले की गोधडी होते. तिला ऊब येते ती थरांच्या मधे अडकलेल्या हवेमुळे. टाके ते थर जागच्या जागी धरून ठेवतात. टाका फार ओढला तर गोधडी चपटी आणि कडक होते, सैल राहिला तर दोन-चार धुण्यांत आतले थर सरकतात आणि गोळे होतात. गोधडी शिवणारीचं सगळं कसब या दोहोंच्या मधला ताण हातात ठेवण्यात आहे.

शेतीची कामं उरकल्यावर, चैत्र-वैशाखात, पाऊस लागायच्या आत वाकळा शिवून घ्यायच्या, असा खेड्यांतला रिवाज. जागा मोठी लागते म्हणून ओसरी किंवा सारवलेलं अंगण. आधी खालचं अस्तर अंथरतात, दोन पन्हे जोडलेलं, जरा धड असलेलं लुगडं. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, विटा असं हाताला येईल ते वजन ठेवतात. कापड ताठ राहिलं पाहिजे, पण ओढलं जाता कामा नये, कारण ओढून शिवलेलं कापड सोडल्यावर आखडतं आणि सगळी गोधडी वेडीवाकडी होते. त्यावर मधले थर पडतात: विरलेली लुगडी, धोतरं, जुन्या चादरी. अगदी जिरलेला भाग कापून टाकायचा, भोक असेल तिथे ठिगळ ठेवायचं आणि प्रत्येक सुरकुती तळहातानं मधून कडेकडे सारत न्यायची. सर्वात वर चांगलं कापड, नाहीतर तुकडे जोडून केलेली नक्षी. मग हातहातभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून सगळे थर टाचून घेतले की कुठे ती जमिनीवरून उचलता येते.

खरी शिवण कडेनं सुरू होते आणि चौकोनात चौकोन घेत आत सरकते. सुईवर एका दमात चार-पाच टाके भरून घेतात. उजवा हात वरून सुई लोटतो, आणि डाव्या हाताचं एक बोट खालून सुईचं टोक चाचपत राहतं. खालच्या अस्तरापर्यंत टाका पोचला की नाही हे वरून दिसत नाही, ते त्या बोटालाच समजतं. म्हणून जुन्या शिवणाऱ्या बायकांच्या डाव्या बोटाच्या टोकाला घट्टा पडलेला असतो. अंगुस्तान घालायचं ते उजव्या हाताला, सुई ढकलणाऱ्या बोटात. दोरा संपला की गाठ वर ठेवत नाहीत, थराच्या आत लोटून देतात. अंगाखाली घ्यायच्या वस्तूला गाठ टोचू नये, इतका साधा हिशोब त्यामागे आहे.

या कामात श्रम किती जातात याचा एकदा कागदावर हिशोब मांडून बघावा. एका माणसाला पुरेल अशी गोधडी साधारण ५ फूट रुंद आणि साडेसात फूट लांब. सहावारी सुती साडीचा पन्हा सुमारे पावणेचार फूट आणि लांबी १८ फुटांच्या आसपास. म्हणजे दोन पन्हे जोडले की गोधडीची लांबी भरते, आणि एका थराला साडीतले १० फूट खर्ची पडतात. चार थरांना सव्वादोन साड्या लागतात. विटलेला-विरलेला भाग सोडून द्यायचा, तेव्हा तीन साड्या हाताशी असलेल्या बऱ्या. नऊवारी असतील तर दोन पुरतात. टाक्यांच्या ओळी इंचाइंचावर घातल्या तर साठ ओळी होतात, आणि प्रत्येक ओळीत अर्ध्या अर्ध्या इंचावर टाका धरला तर १८० टाके. सगळी बेरीज पावणेअकरा हजारांच्या वर जाते. एका ओळीला २० मिनिटं धरली तर नुसत्या टाक्यांचे २० तास होतात. कापड धुणं, उसवणं, जोडणं, अंथरणं, टाचणं आणि शेवटी गोट लावणं हे वेगळंच. ज्यांना गोधडी शिवायला वेळ नाही आणि जे ती कोणाकडून तरी शिवून घेणार आहेत, त्यांनी मजुरी ठरवताना हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवावा. जुन्या साड्या तर आमच्याच होत्या, मग एवढे पैसे कशाचे, असा प्रश्न अजून विचारला जातो. पैसे त्या पावणेअकरा हजार टाक्यांचे असतात, आणि आजवर ते नेहमीच कमी दिले गेले आहेत.

ही वस्तू काटकसरीतून जन्मली हे विसरून तिच्याबद्दल बोलू नये. घरात नवं पांघरूण घ्यायला पैसा नव्हता म्हणून वाकळ होती. लुगडं आधी अंगावर, मग पोरीच्या परकरात, मग दुपट्यात, मग वाकळीच्या पोटात, आणि तिथूनही निघालं तर पोतेऱ्यात. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्यांचं वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव हिंडत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले. ते वस्त्र त्या काळी गरिबीची उघड खूण होतं, आणि बाबांनी ते जाणूनबुजून धारण केलं. आज तीच नक्षी दुकानाच्या काचेआड दिसते तेव्हा तिच्यामागची टंचाई दिसेनाशी होते. पण टंचाईतही देणं थांबलं नव्हतं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की आईची पेटी उघडायची, आणि तिच्यातलं मऊसर झालेलं लुगडं नातवंडासाठी फाडलं जायचं. विकत आणण्याची ऐपत नसलेली बाई आपल्या अंगावरचं कापड देत होती. त्या देण्याची प्रत कमी मानायचं काहीच कारण नाही.

नवरात्राच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं ओढ्यावर किंवा नदीवर नेऊन धुण्याची चाल पश्चिम महाराष्ट्रात अजून पुष्कळ ठिकाणी आहे. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोकं धरून ती पिळतात. भेटीची गोधडी शिवणाऱ्यानं हे दृश्य लक्षात ठेवावं. पाच-सहा थरांची सुंदर गोधडी मुंबईच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या जोडप्याला दिली तर ती धुवायची कुठे आणि वाळत घालायची कशावर? ती माळ्यावर जाते. देणाऱ्याला वाईट वाटतं, घेणाऱ्याला अपराधी वाटतं, आणि दोष दोघांचाही नसतो, चुकलेला असतो थरांचा हिशोब. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी तीन थर पुष्कळ झाले, आणि घरातल्या धुलाई यंत्रात ती मावेल अशी बघावी.

शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ आणि मुंडगोड तालुक्यांत सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांतले पुष्कळ पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणले आणि तिथून निसटून घाटावरच्या जंगलांत वस्ती करून राहिले. त्यांच्या बोलीत कोकणी आणि मराठी इतकी मिसळलेली आहे की मराठी माणसाला ती बऱ्यापैकी समजते. त्यांची कवंदी आपल्या वाकळीची सख्खी बहीण शोभेल अशी. तीसुद्धा कडेकडून शिवत आत येते. फरक असा, की वरचे तुकडे आधी जोडून ठेवत नाहीत. शिवता शिवता एकेक तुकडा ठेवतात, त्याची कड आत मुडपतात आणि पुढे सरकतात, त्यामुळे नक्षी हातासरशी ठरत जाते. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले कापडाचे त्रिकोणी थर शिवतात, त्यांना फुल्ला म्हणतात. फुल्ल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं कोणी मानत नाही. पांघरणाऱ्याच्या ऊबेत फुल्ल्यानं काडीचीही भर पडत नाही. तरी तो लागतो, कारण शिवणारीला ती वस्तू देखणी करून द्यायची असते. या बायकांच्या कामाचा अभ्यास अमेरिकी कला-इतिहासकार हेन्री जॉन ड्रूअल यांनी केला, आणि त्यानंतर कवंद्या परदेशांतल्या प्रदर्शनांत पोचल्या.

बंगालची कांथा तर याहून लांबवर गेलेली. जुन्या साड्यांचे थर, आणि त्याच साड्यांच्या किनारीतून उसवून काढलेले रंगीत धागे. या दोन गोष्टींवर तिथल्या बायकांनी कमळं, हत्ती, रथ, पालख्या उमटवल्या. चैतन्य महाप्रभू पुरीला राहत असताना त्यांच्या आईनं, शचीमातेनं, यात्रेकरूंच्या हाती घरी शिवलेली कांथा पाठवली अशी कथा बंगालात सांगतात. दूर गेलेल्या मुलाला आईनं पांघरूण पाठवायचं, याला पाचशे वर्षांचा दाखला मिळतो तो असा. सोळाव्या-सतराव्या शतकांत सातगावच्या परिसरात टसरच्या पिवळ्या रेशमानं भरलेल्या भल्यामोठ्या रजया पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी बनत. त्यांतल्या काही आज युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत. त्या श्रीमंतांच्या घरच्या वस्तू. इथल्या विषयाला जवळची आहे ती यात्रेकरूबरोबर गेलेली साधी कांथा.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मैत्रीची रजई नावाचा प्रकार फार चालला. पश्चिमेकडे कायमच्या जाणाऱ्या कुटुंबासाठी शेजारणी एकेक चौकोन करत, त्यावर आपलं नाव घालत, आणि सगळे चौकोन जोडून ती रजई निरोपाच्या वेळी देत. जाणाऱ्याला ऊब मिळायची आणि मागे राहिलेल्यांची नावंही बरोबर जायची. आपल्याकडे सेवानिवृत्तीला किंवा परदेशी जाणाऱ्या मैत्रिणीला असं काही करणं सहज शक्य आहे, आणि शाल-श्रीफळापेक्षा ते कितीतरी जिव्हाळ्याचं होईल. त्याच देशात अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर वसलेलं गीज बेंड नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव आहे. तिथल्या मिझुरी पेटवे यांनी १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याचे शेतात घालायचे कपडे फाडून रजई शिवली. गुडघ्यावरचे गडद राहिलेले डाग, उन्हानं विटलेला निळा रंग, सगळं तसंच ठेवून. २००२ साली गीज बेंडच्या रजयांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात भरलं, पुढे ते न्यू यॉर्कला गेलं, आणि २००६ साली अमेरिकी टपाल खात्यानं या रजयांवर तिकिटं काढली. मिझुरीबाईंनी ती शिवली होती नवऱ्याच्या आठवणीत पांघरायला. पुण्या-मुंबईतही हल्ली गेलेल्या आजीच्या साड्यांची गोधडी नातवंडांना करून देतात. ती करताना साडीवरचा रफूचा तुकडा, खांद्यावर विरलेला पदर, यांना कातरीनं उडवून लावू नये. जिथे कापड टिकेल तिथे तो भाग वर, दिसेल असा घ्यावा.

आता कापडाबद्दल. गोधडीचं सगळ्यात मोठं नुकसान कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी केलं. त्या फाटत नाहीत, विटत नाहीत, म्हणून घरोघर साठल्या आणि आपसूक गोधडीत गेल्या. पण त्या घाम टिपत नाहीत, अंगाखालून सुळसुळ सरकतात आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतात. बाळाच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या पांघरुणात हे कापड घालूच नये. ओळखायची युक्ती सोपी आहे. कापडातला एक धागा ओढून काढावा आणि चिमट्यात धरून पेटवावा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरडली जाणारी करडी राख उरते. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. ओटीत आलेले ब्लाउज पीस प्रत्येक घराच्या कपाटात गठ्ठ्यानं पडलेले असतात आणि एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात. त्यांतले सुती निवडून काढले तर तुकड्यांच्या नक्षीला वर्षभर कापड विकत घ्यावं लागत नाही. नवं सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावं, कारण ते पहिल्या धुण्यात आटतं, आणि जुनं आधीच आटलेलं असतं. न धुता दोन्ही एकत्र शिवली की पहिल्याच धुण्यानंतर गोधडीला चुण्या पडतात. लाल, निळा आणि काळा रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघितल्याशिवाय वापरू नयेत.

घेणारा कोण, यावर पुढचं सगळं ठरतं. बाळासाठी साधारण मीटरभर लांब-रुंद दुपटं, दोन थरांचं, फार तर तीन. जरीची किनार, बटण, टिकली, मणी काही नको. जर टोचते, आणि टिकली बाळाच्या तोंडात जाते. परदेशात जन्मलेल्या नातवंडासाठी शिवणाऱ्या आजीनं आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे, की वर्षाच्या आतलं मूल झोपतं तिथे सैल पांघरूण, उशी किंवा मऊ खेळणं ठेवू नये. सून दुपटं पाळण्यात घालत नाही म्हणून मन खट्टू करून घेण्यापेक्षा आधीच जरा मोठी, बाळाला जमिनीवर पालथं ठेवायला उपयोगी पडेल अशी अंथरायची गोधडी शिवावी. ती मूल चालायला लागेपर्यंत रोज वापरात राहते आणि पुढे बाहुल्यांचं घर होते. वयस्कर माणसाला जड पांघरूण सोसत नाही, त्यांना तीन थरांची, रुंदीला थोडी कमी आणि लांबीला जास्त, म्हणजे पाय उघडे न पडणारी गोधडी द्यावी. वसतिगृहात जाणाऱ्या मुलाला मळखाऊ रंग आणि घट्ट टाके, कारण तो ती बादलीत कोंबून धुणार आहे. विमानानं जाणाऱ्याच्या सामानातलं वजनही विचारात घ्यावं. गोधडी भारी झाली की बाकीचं काहीतरी मागे राहतं, आणि बहुतेक वेळा मागे राहते ती गोधडीच.

रनरची गोष्ट थोडी वेगळी. मराठी घरात टेबल तसं अलीकडचं, पण हातानं केलेली कापडी सजावट लग्नात मांडण्याची रीत रुखवतानं केव्हाच रुजवली होती. क्रोशाचे रुमाल, ताटावरची झाकणं, तोरणं, भरतकामाच्या उशा, टीव्हीवरची आच्छादनं, हे सगळं नवऱ्या मुलीनं आणि तिच्या मैत्रिणींनी महिनोन्महिने खपून केलेलं असे. ते मांडलं जाई, वाखाणलं जाई, आणि बरंचसं कपाटात जाई. रनर ही त्या परंपरेतली वापरात राहू शकेल अशी वस्तू आहे, मात्र ती टेबल बघून केली पाहिजे. ५ फूट लांब, ३ फूट रुंद अशा टेबलाला रुंदीच्या एकतृतीयांश, म्हणजे फूटभर रुंदीची पट्टी शोभते. लांबीला दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच खाली लोंबली तर एकूण ६ फूट. याहून रुंद केली तर ताटं तिच्यावर चढतात आणि जेवणारे कंटाळून ती काढून ठेवतात.

आत जाड भरण घालायचा मोह टाळावा. फुगीर पट्टीवर आमटीचं पातेलं डुगडुगतं, पाण्याचा तांब्या कलंडतो. मधे एकच थर, जुन्या सुती चादरीचा किंवा झिजलेल्या टॉवेलचा, पुरे. पॉलिस्टरचं भरण गरम भांड्याखाली आक्रसतं, म्हणून तेही नको. मराठी जेवणात हळद येणारच. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं कापड वाया गेलं. पण तो साध्या पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळत घातला की एक-दोन दिवसांत फिका पडत जातो. मात्र उन्हात कापडाचाही रंग उडू शकतो, म्हणून उन्हात पक्का टिकणारा रंग निवडावा. पैठणीचा पदर रनरच्या मधोमध घेण्याची टूम निघाली आहे. ते दिसतं सुंदर, पण धुता येत नाही, आणि धुता न येणारी वस्तू जेवणाच्या टेबलावर चार दिवस टिकत नाही. खणाचं सुती कापड घ्यावं. गडद रंग, बारीक बुट्टी आणि काठ, सगळं त्याच्यात अंगचंच असतं.

या कामातली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे गोटाचे कोपरे. अडीच इंच रुंदीची पट्टी लांबीत दुमडायची, तिच्या उघड्या कडा रनरच्या कडेशी जुळवून पाव इंचावर टीप घालत यायचं आणि कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबायचं. तिथे दोरा तोडायचा. पट्टी आधी सरळ वर उभी घडी करायची, मग ती घडी बोटानं दाबून धरत खाली, पुढच्या कडेवर आणायची. कोपऱ्यावर एक छोटा त्रिकोण उभा राहतो. पुढची टीप काठापासूनच सुरू करायची. सगळी फेरी झाली की गोट मागे वळवायचा, तो त्रिकोण आपोआप तिरकी नेटकी घडी होऊन बसतो, आणि मागून हातानं, टाका पुढे दिसणार नाही असा, शिवून टाकायचा. कोपरा बोथट आला तर उसवून पुन्हा करावा. भेटीच्या वस्तूत घेणाऱ्याचा हात आधी कोपऱ्यावर पडतो.

पुढच्या पानांत मापं, आकृत्या, टाक्यांचे प्रकार क्रमानं दिलेले आहेत, आणि सगळ्या कृती घरातल्या साध्या शिलाई यंत्रावर किंवा नुसत्या हातानं होण्यासारख्या आहेत. एक गोष्ट मात्र कुठल्याच आकृतीत बसणारी नाही, म्हणून ती इथेच सांगायला हवी. महाराष्ट्रात आजवर किती वाकळा शिवल्या गेल्या असतील, पण त्या शिवणाऱ्या बायकांची नावं आपल्यापाशी नाहीत. वाकळ झिजून गेली, नावही तिच्याबरोबर गेलं. कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात, सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी जमवलेल्या वस्तूंमध्ये, एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे. मानदासुंदरी नावाच्या बाईनं ती आपल्या वडिलांसाठी केली, आणि तसं कापडावर दोऱ्यानं लिहून ठेवलं. तेवढ्या अक्षरांमुळे ती कांथा कोणी केली आणि कोणाला दिली, हे आज सांगता येतं.

तेव्हा शेवटचा टाका घातल्यावर उठू नका. चार बोटं रुंदीची पांढरी सुती पट्टी घ्या, तिच्यावर आपलं नाव, गाव, साल, कोणासाठी केली ते नाव, आणि कापड कोणाच्या साडीचं होतं तेही, दोऱ्यानं टिपा, आणि ती पट्टी मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात चारी बाजूंनी शिवून टाका. पेननं लिहू नका, साध्या पेनची शाई धुण्यात जाते.